नापासांचा स्टॉप

रविवार, १५ जून २००८. अव्वाच्या पुढच्या खोलीतला पंखा पुसायचा राहिला होता. अप्पा फेब्रुवारीत गेले, त्यानंतर त्याला कुणाचा हात लागला नव्हता. कागलच्या कारखान्यात मी स्टोअर बघते. तिथून आले, चहा घेतला आणि ओलं फडकं घेऊन स्टुलावर चढले. माझं घर राजारामपुरीतच, दोन गल्ल्या पलीकडे. पण अव्वाकडची, म्हणजे आईकडची, उंचावरची कामं माझ्याकडेच असतात.

स्टूल प्रयोगशाळेतलं. उंच, चौकोनी, सागवानी. अप्पांच्या कॉलेजनं फिजिक्सची लॅब मोडली आणि सामान लिलावात काढलं, तेव्हा अप्पांनी हे एक रिक्षात घालून आणलं. अव्वा दारातच म्हणाली, "जन्मभर शिकवलं आणि आणलं काय, तर स्टूल."

"उंच आहे," अप्पा म्हणाले. "पंखा पुसायला होईल."

दोन पाती पुसून झाली, तेवढ्यात समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या वहिनी आल्या. हातात पेढ्याचा पुडा, मागे त्यांची मुलगी. मुलगी बारावी झाली होती, आणि चांगली झाली होती. बारावीचा पुडा घेऊन या खोलीत येणं हा आमच्या गल्लीचा रिवाज होता. तो अप्पांबरोबर संपला असं मी धरून चालले होते.

नव्वदच्या दशकात जून महिना म्हणजे आमच्या घरी नुसती रीघ. अप्पा कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, एवढ्या भांडवलावर गल्लीतले, बाजारातले, पार गडहिंग्लजकडचे पाहुणे पोरांना घेऊन यायचे. पेढे ठेवायचे आणि विचारायचे, "सर, पोरगं कुठं घालू सांगा की." पोराला कुठं जायचंय हा प्रश्न त्यात नसायचा. दाखला घालावा तसं पोरगं घालायचं.

घालायचं कुठं याचा नकाशा गावात प्रत्येकाला पाठ होता. एक कॉलेज हुशारांचं. एक पैलवानांचं, तालमीतली मुलं तिथं नाव घालून ठेवायची. मुलींचं होतं त्याला 'स्थळ येईस्तोवरचं' म्हणत. मी तिथं होते, आणि माझं स्थळ दुसऱ्या वर्षाला आलं, त्यामुळे त्या नावाबद्दल मला बोलायला तोंड नाही. अप्पांचं कॉलेज गावाच्या कडेला होतं. त्याला म्हणत नापासांचं. या सगळ्यांच्या वर पुणे. पुण्यातलं कुठलंही.

अप्पांच्या कॉलेजात नापास नव्हते असं नाही. होते. पण शाहूवाडीकडची बरीच मुलं तिथं यायची, ती खोल्या स्वस्त म्हणून आणि शनिवारी गावाकडं जाणारी एसटी गेटासमोर हात केला की थांबायची म्हणून. घरचे तांदूळ आणून, हातानं शिजवून शिकायची. गावाला एवढं खोलात जायला वेळ नव्हता. सिटी बसचा कंडक्टर तो स्टॉप आला की घंटी मारून ओरडायचा, "चला, नापास उतरा!" सगळी बस हसायची, उतरणारीसुद्धा. अप्पा त्याच बसनं जायचे. कंडक्टर त्यांना म्हणायचा, "सर, तुमी न्हाय हां. तुमी पास हायसा."

अप्पा घरी येऊन हे हसत सांगायचे. अव्वाला त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही.

पेढे घेऊन आलेल्यांना अप्पा काय सांगायचे? मार्क बघायचे आणि म्हणायचे, "पुण्याला पाठवा." झेपणार नसेल तर सांगली. तेही नाही तर गावातलं हुशारांचं. स्वतःच्या कॉलेजचं नाव ते कधी काढत नसत. चांगलं म्हणत नसत, वाईटही म्हणत नसत. 

याचं मूळ निपाणीत होतं. आजोबांचं तिथं गुळाचं दुकान. गिऱ्हाईक आलं की आजोबा कुठल्याही ढेपेवर हात ठेवून म्हणत, "ही तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलीती." लहानपणी अप्पा शेजारी बसून ते ऐकत, आणि त्यांना मान वर करवत नसे. दुकान त्यांनी घेतलं नाही ते एवढ्यासाठीच. आपल्या मालाची आपण तारीफ करायची नाही, हे त्यांनी तिथं ठरवलं आणि कॉलेजलाही लावलं. अव्वा स्वयंपाकघरातून म्हणायची, "सगळी हुशार पोरं बाहेर धाडा, आणि तुम्ही शिकवा बाकड्यांना."

"खोटं कसं सांगू?"

"खोटं कोण सांगा म्हणतंय? खरं तरी सांगा की तोंड उघडून. तुमच्या हाताखाली पोरं शिकत्यात का न्हाईत?"

"ते मी कसं सांगायचं?" अप्पा म्हणायचे, आणि विषय तिथं मिटायचा.

अठ्ठ्याण्णव साली माझी धाकटी बहीण बारावी झाली. मार्क असे, की शाळेनं तिचं नाव फळ्यावर लिहिलं. पुणे ठरल्यासारखंच होतं; शेजारणीनं तर तिच्यासाठी कांदा-लसूण चटणीचा डबाही भरून आणला होता. धाकटी म्हणाली, "मला अप्पांकडं फिजिक्स करायचंय."

अप्पांनी तिला दुसऱ्यांच्या पोरांना सांगत तेच सांगितलं. तिनं ऐकलं नाही. अप्पा चिडले. ती म्हणाली, "दुसरी कुणी आली असती तर नको म्हटलं असतं का तुम्ही?" अशी कुणी कधी आलीच नव्हती. कॉलेज उघडलं त्या दिवशी ते सकाळी स्वतः शर्टाला इस्त्री करताना मला दिसले. एरवी इस्त्रीचं काम त्यांनी कधी अंगाला लावून घेतलं नव्हतं.

पहिल्याच तासाला धाकटीनं हात वर केला आणि शंका विचारली, "अप्पा, पण हे असं का?" सगळा वर्ग हसला. अप्पांनी शांतपणे शंकेचं उत्तर दिलं. दुसऱ्या दिवसापासून ती "हजर, सर" म्हणू लागली. मागच्या बाकावरची शाहूवाडीची मुलं मात्र वर्षभर आपसात त्यांना अप्पाच म्हणत. घरी रात्रीच्या जेवणात दोघांचा तास पुढे चालू. ताटात बोटानं आमटीच्या रेघा ओढून भिंगं काढायचे. अव्वा ओरडायची. तिच्या ओरडण्यातही सूर बरा होता.

बाहेर वेगळंच शिजत होतं. नापासांच्या स्टॉपला सरांची पोरगी उतरते, हे गावाला काही केल्या पचेना. पहिल्यांदा लोक म्हणाले, मार्क खोटे असणार. फळ्यावरचं नाव अनेकांनी वाचलं होतं, म्हणून मग दुसरं निघालं. माझ्या सासरी हळदी-कुंकवाला आलेली एक बाई माझ्यासमोर पुटपुटल्यासारखं करून मोठ्यानं बोलली, "काहीतरी लफडं असल्याबिगर एवढी हुशार पोरगी कोण तितं घालतंय? डोळ्यासमोर ठेवली बापानं."

मी तिला म्हटलं, "मावशी, कुंकू लावून घ्या आणि निघा." सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.

एस.वाय.ला असताना इचलकरंजीचं एक स्थळ आलं. लग्न लगेच करायचं नव्हतं, पण माणसं चांगली होती, बघून घेऊ म्हणाली. चहा झाला. मुलाच्या काकांनी अप्पांना विचारलं, "मार्क तर झ्याक हायत की हो पोरीचं. मग तितं का घातली?"

अप्पांना एक वाक्य बोलायचं होतं. आमच्याकडे फिजिक्स चांगलं शिकवतात, एवढंच. मी दारात उभी होते, वाट बघत होते. अप्पा म्हणाले, "तिला माझ्याजवळ राहायचं होतं."

काका हसले. "व्हय व्हय. पोरी जवळच ठेवल्याल्या बऱ्या." मध्यस्थाकडून नकार आला, आणि त्याबरोबर ते लफड्याचं वाक्यही आलं. धाकटीनं ते ऐकलं. ती उठून उद्याच्या प्रॅक्टिकलची तयारी करत बसली. अप्पा पुढच्या खोलीत बसून राहिले. मी दिवा लावायला गेले तर म्हणाले, "राहू दे."

टी.वाय.ला एकच विषय स्पेशल घ्यायचा असतो. तोवर सगळीकडे कॉम्प्युटरचं वारं आलं होतं. राजारामपुरीत दर इमारतीला एक क्लास. अप्पांच्या वर्गातले काहीजण तिकडे गेले. शाहूवाडीच्या मुलांनी केमिस्ट्री घेतली; कारखान्यात लॅबमध्ये चिकटता येतं म्हणून, आणि त्यांचं चुकलं नाही. त्यातला एक अप्पांच्या पाया पडायला घरी आला. म्हणाला, "सर, आवड तुमच्याच विषयाची हाय. पण पोट हाय की." अप्पांनी त्याच्या हातावर पेढा ठेवला आणि सांगितलं, "बरोबर केलंस."

फिजिक्सला धाकटी एकटी उरली.

एका मुलीसाठी स्पेशल चालवता येणार नाही, असं वरून आलं. पटण्यासारखंच होतं. ते तिला सांगायचं काम अप्पांवर आलं, आणि अप्पांनी ते घरी न सांगता वर्गात सांगितलं, तिला बाकावर बसवून, फळ्यासमोर उभं राहून. पुढं बऱ्याच वर्षांनी धाकटीनं मला हे सांगितलं. म्हणाली, "रिकाम्या वर्गात मला एकटीला म्हणाले, 'विद्यार्थ्यांना कळवण्यात येतं की.' पुढं बोलवलं नाही त्यांना."

तिचं नाव हुशारांच्या कॉलेजात घातलं. तिथं पहिल्या दिवशी शेजारच्या मुलीनं विचारलं, "तिथनं आलीस? मग झेपेल का तुला?" झेपलं. पहिल्या वर्गात पास झाली. अप्पा म्हणाले, आता एम.एस्सी. कर. ती म्हणाली, "पुरे." फिजिक्सची पुस्तकं तिनं पोत्यात भरून माळ्यावर टाकली. वर्षभरात लग्न झालं. पुण्याला ती शेवटी गेलीच, पण लग्नानं.

अप्पा निवृत्त झाले, लॅब मोडली, स्टूल घरी आलं. जूनमध्ये लोक येत राहिले. अप्पा सांगत राहिले, पुण्याला पाठवा.

तर, वहिनी पेढे घेऊन उभ्या होत्या आणि मी स्टुलावर.

"अक्का, अप्पा न्हाईत, आता तुमीच सांगा. हिला कुठं घालू?"

"मला काय विचारता? मी खिळे-बोल्ट मोजते."

"तरी पन. घर सरांचं हाय की."

"पुण्याचं म्हणत असाल तर पाठवा पुण्याला," मी म्हटलं. तोंडातून तेच आलं.

मुलगी पहिल्यांदा बोलली. "मला अप्पांच्या कॉलेजात केमिस्ट्री करायचीय. तिथं माझा मामेभाऊ होता, तो म्हणतो चांगलं शिकवतात."

"गप गं. नापासात जाऊन बसतीस?" वहिनी बोलून गेल्या आणि मग जीभ चावली. आत अव्वा होती. "न्हाय, म्हंजे आमी न्हाय म्हनत, लोक म्हनत्यात. आनि खरं सांगू का अक्का? अप्पांनी कदी त्या कॉलेजचं नाव काढलं न्हाई. एवढी माणसं आली, एकाला म्हणून तितं जा म्हटलं न्हाई. तवाच आमी समजून घेतलं. घरचाच माणूस बोलंना, तर काय असनार तितं?"

मी खाली उतरले. फडकं बादलीत टाकलं. आत अव्वा भाजी निवडत होती, तिचा हात थांबलेला दिसला.

वहिनींना वाईट बोलायचं नव्हतं. त्या चांगल्या बाई आहेत; अप्पांच्या आजारपणात त्यांनीच अव्वाला जेवण आणून दिलं. पण एवढी वर्षं गावानं अप्पांचं गप्प बसणं असं वाचलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. अप्पांना वाटलं, आपण आपल्या दुकानाची तारीफ करत नाही. लोकांना वाटलं, दुकानदारच सांगतोय माल खराब आहे.

त्या गेल्यावर धाकटीला फोन लावला आणि वहिनी जे बोलल्या ते तसंच्या तसं सांगितलं. तिच्याकडे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

"अप्पांना हे माहीत होतं का गं?" तिनं विचारलं.

"माहीत नाही."

"नसेल तर बरं." मग म्हणाली, "ती पोरगी काय म्हणतीय?"

"तिथंच जायचं म्हणतीय."

"लोक बोलतील तिला."

"बोलतीलच की."

"तिला सांग, माझी दोन वर्षं तिथं झाली तशी परत कुठंच झाली नाहीत. माझं नाव घेऊन सांग. मला अप्पांना कधी सांगता आलं नाही ते." कुकर बघायचा म्हणून तिनं फोन ठेवला.

अव्वानं विचारलं, "काय म्हणाली?" मी म्हटलं, "बरी आहे." राहिलेलं पातं पुसून स्टूल जागेवर ठेवलं आणि घरी गेले.

आमच्या कारखान्याला सोमवारची सुट्टी असते. सकाळी वहिनींच्या दुकानात गेले आणि म्हटलं, घालायचं तिथं घाला, आधी पोरीला कॉलेज बघू द्या. मुलीला घेऊन निघाले आणि धाकटीचा निरोप तिला वाटेत सांगितला. तिनं मान हलवली. बस भरलेली होती. कंडक्टर नवा, मिसरूड फुटलेला. जुना कधीच निवृत्त झाला असणार. स्टॉप आला, त्यानं घंटी मारली आणि ओरडला, "चला, नापास!"

बस हसली. मी मुलीचा हात धरला आणि आम्ही दोघी उतरलो.