रिकाम्या परत आलेल्या वाट्या

गेल्या दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी, दिवेलागणीच्या सुमाराला, आमच्या गल्लीने खानसामाकाकांवर अन्याय केला. दिवस मुद्दाम सांगतो आहे, म्हणजे पुढे कुणी ‘असं काही झालंच नाही’ म्हणायला मोकळा राहू नये. अन्याय काय, तर त्यांच्या वाट्या रिकाम्या परत केल्या. परक्या माणसाला यात काही वाटणार नाही, हसूही येईल. म्हणून आधी माणूस सांगतो. कारण असा माणूस आमच्या गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, दोन्ही काठांवर शोधून सापडणार नाही. सबंध नाशकाला जेवू घालायची हौस, आणि स्वतः जन्मात कधी कुणाच्या पंगतीला बसलेला नाही.

काका मूळचे कोकणातले. देवळालीच्या कॅम्पात गोऱ्या अंमलदारांच्या मेसमध्ये त्यांनी सारी उमर रांधण्यात घालवली. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणत, “मेसला सुट्टी नव्हती.” नोकरी सुटली तेव्हा गावाकडे ओळखीचं कुणी उरलं नव्हतं, म्हणून आमच्या गल्लीत जिन्याखालची खोली घेऊन राहिले. त्या खोलीच्या अर्ध्या भागात ते उभेही राहू शकत नसत, कारण तिथे जिन्याच्या पायऱ्या उतरत होत्या. पण त्या पायऱ्यांखाली त्यांनी सगळी मेस मांडली होती. रविवारी पांढरा कोट चढवायचा. त्याची पितळी बटणं काढून साधी लावलेली, कारण “बटणं सरकारची, कोट माझा.” ताटं आधी गरम पाण्यात बुडवून पुसायची. “गरम जेवण थंड ताटात वाढणं म्हणजे पाहुण्याला बाहेर ओट्यावर उभं करून बोलणं.” मग तांब्यावर डाव वाजवून, समोर कुणी असो नसो, खड्या आवाजात सांगायचं, “डिनर तयार आहे.” बहुतेक वेळा समोर भिंतच असायची. कुणी जेवायला बसलाच तर काका त्याच्या पाठीमागे हात बांधून उभे. मी कितीदा सांगितलं, काका, बसा. ते म्हणायचे, “तू जेव रे देशभक्ता. मी बसलो तर वाढणार कोण?” आणि मान वाकवून खाणाऱ्याच्या कानाच्या पाळ्या बघायचे. चव आवडली की पाळ्या हलतात, असा त्यांचा सिद्धांत होता.

त्यांचा हुकमाचा पदार्थ एकच. मुंबईहून बर्फात आणि भुशात दडवलेला रावस कॅम्पच्या बाजारात यायचा. तिथला एक जुना ओळखीचा कोळी काकांसाठी मधला तुकडा बाजूला ठेवायचा, आणि काका तो ओल्या गोणपाटात गुंडाळून सकाळच्या गाडीने घेऊन यायचे, मांडीवर तान्हं पोर घ्यावं तसे. मेसमधले साहेब या माशाला सामन म्हणत. त्यांच्या देशातल्या कसल्याशा माशाची त्यांना आठवण व्हायची. त्यांना तो गोड लागायचा, वरून चकाकणारा, आणि त्यासाठी विलायतेहून मुरांब्याच्या बरण्या यायच्या. एकदा बरण्या संपल्या. काकांनी गूळ चिंचेच्या कोळात विरघळवला, त्यात ठेचलेलं आलं-लसूण, चिमूटभर मोहरीची पूड आणि मीठ घातलं, आणि वाढला. साहेबाच्या कानाच्या पाळ्या हलल्या. त्यानंतर बरण्या आल्या तरी कुणी उघडल्या नाहीत. म्हणजे हे पाहा: आम्ही परदेशी कापडाच्या दुकानांपुढे उभे राहून लाठ्या खाल्ल्या, आणि हा माणूस गोऱ्या अंमलदारांना गुपचूप कोल्हापुरी गूळ चारत होता. स्वदेशीचा इतका आतपर्यंत पोचलेला प्रचार माझ्या एकाही पत्रकाने केलेला नाही.

करायला हे सगळं अगदी सोपं. काका म्हणत, “जेवण म्हणजे लढाई नव्हे. एक तवा, एक वाटी, आणि भात शिजेपर्यंतचा वेळ.” माशाला मीठ लावून पाणी गळू द्यायचं, निखाऱ्यांच्या शेगडीवर तवा तापवून कातडीची बाजू खाली टाकायची, आणि मासा जवळजवळ झाला की मगच वरून गुळाचं पाणी चमच्याने सोडत राहायचं, आरसा होईपर्यंत. मी एकदा हौसेने करायला बसलो आणि गूळ आधीच लावला. क्षणात धूर, सगळं काळं आणि कडू. काकांनी तवा उचलला, वास घेतला आणि म्हणाले, “तुझी पत्रकंसुद्धा अशीच असतात मेल्या. पहिल्याच ओळीला करपतात.” मला राग आला होता. अजूनही थोडा आहे.

आता वाट्यांचं सांगतो. काका एकट्यासाठी रांधायला शिकलेच नव्हते. रविवारी तुकडे व्हायचे गल्लीतल्या प्रत्येक घरासाठी एक, आणि निळ्या काठाच्या इनॅमलच्या वाट्यांतून ते स्वतः दारोदार पोचवायचे. आमची गल्ली मासे खाणारी, तेव्हा नाक मुरडायचा प्रश्न नव्हता. आणि वाटी कुणी रिकामी परत करत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. कुणाकडून मेथीची भाजी, कुणाकडून तिळाची चटणी, भाकरीचा चतकोर, काही नसलं तर गुळाचा खडा. संध्याकाळी वाट्या परत आल्या की काका त्या ताटाभोवती मांडायचे आणि मग जमिनीवर बसून जेवायचे. दुसऱ्या दिवशी भेटले की मला सांगायचे, “काल तांबटांकडे जेवलो. बाईंचा हात जरा तिखट आहे.” किंवा “काल तुमच्याकडे जेवलो. आईला सांग, शेपू झकास.” ते कुठेच गेलेले नसायचे. जिन्याखालीच असायचे. पण त्यांच्या हिशेबी ते गल्लीभर जेवून आलेले असायचे, आणि त्यांची पंगत ती एवढीच होती.

दसऱ्याच्या आधी मी सुरगाण्याकडे प्रचाराला गेलो होतो. इकडे आमच्या गल्लीला देशप्रेमाचा झटका आला. पारावर सभा भरली. गल्लीचे पुढारी म्हणून ज्यांना सगळे मानतात ते नाना म्हणाले, हा माणूस साहेबाचं मीठ खाल्लेला, पदार्थ साहेबाचा, नावसुद्धा साहेबाचं. त्याच्या वाटीला उलट वाटी देणं म्हणजे गुलामगिरीला नैवेद्य. ठराव झाला. हे नाना रोज सकाळी पत्र्याच्या डब्यातली विलायती बिस्किटं चहात बुडवून खातात. परत आल्यावर मी त्यांना विचारलं, तेव्हा म्हणाले, “ती मला वैद्याने सांगितली आहेत.”

“मग बहिष्कार घालायला काकाच सापडले?” मी विचारलं.

“अरे, दुसरं कोण आहे गल्लीत? सगळे आपलेच.”

हे वाक्य मी विसरणार नाही. सगळे आपलेच.

त्या रविवारी काकांनी नेहमीसारख्या वाट्या दिल्या. नवरात्रभर कुणी माशाला शिवलं नव्हतं, त्यामुळे मासा सगळ्यांनी खाल्ला. हेही लक्षात ठेवा. मासा खाल्ला, वाट्या घासल्या आणि रिकाम्या त्यांच्या उंबऱ्याशी ठेवल्या. मी चार दिवसांनी सुरगाण्याहून परतलो तेव्हा काका त्यांपैकी एक वाटी उजेडाकडे धरून बघत होते. म्हणाले, “काय घासल्या आहेत रे. मेसमध्ये इतकी चकाकी मला कधी कुणाकडून काढून घेता आली नाही.” मग ती बाकीच्या वाट्यांवर ठेवून म्हणाले, “एक वाटी अजून बाहेर आहे. कुणाची ते आठवत नाही. येईल.”

ती वाटी आमच्याकडे होती. फडताळात मिठाच्या बरणीमागे मला सापडली. आई चुलीशी होती. मी वाटी तिच्यापुढे धरली.

“ठेव तिथे,” ती म्हणाली. “तुझे वडील सभेत हात वर करून आलेत. भरून कशी पाठवू?”

“मग रिकामी पाठवायचीस.”

“रिकामी वाटी मी आजवर कुणाला दिलेली नाही.” तिने फुंकणी खाली ठेवली. “रोज हात जातो मिठाला, आणि रोज ती दिसते. मला काय करायचं ते कळत नाही. तू सभा घेतोस ना मोठ्या? मग तू सांग.”

मी वाटी मिठाच्या बरणीमागे परत ठेवली. पुढच्या रविवारी तिने शेपूची भाजी केली, वाटी काठोकाठ भरली, पदराखाली न घेता हातात धरली, आणि पारावर नाना बसलेले असताना त्यांच्या समोरून चालत गेली. मी मागे होतो. काकांनी दार उघडलं, वाटी घेतली, वास घेतला. आत दोन ताटं गरम करून ठेवलेली होती. शेगडीजवळ गल्लीतल्या घरांसाठीचे तुकडे मांडलेले, गूळ लावलेले, थंड झालेले. कुणाच्या दारी नेले नव्हते, तरी कापले होते घरांच्या मोजणीनेच.

मी जेवायला बसलो. काका पाठीमागे उभे राहिले. आई उंबऱ्यातून म्हणाली, “भाऊ, तुम्हीही बसा. मी वाढते.” काका बसले, पण पुढची गाडी धरायची असल्यासारखे, उकिडवे, कोट सावरत. शेपूचा घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “आज तुमच्याकडे जेवलो.” बाकीचे तुकडे त्यांनी झाकून ठेवले. कुणी येईल म्हणून. कुणी आलं नाही.

गल्लीतल्या लोकांनो, हे तुमच्यासाठीच लिहिलं आहे. मला नवा ठराव नको, जुना रद्द करायची सभा नको, नानांची माफी तर मुळीच नको. काका आता थकले आहेत. कॅम्पहून येताना गाडीतून उतरायला त्यांना वेळ लागतो, आणि तरी ते येतात. येत्या रविवारी दिवेलागणीला घरात जे असेल ते एका वाटीत घाला. चटणी चालेल, गुळाचा खडा चालेल. ती घेऊन जिन्याखाली जा, आणि आत गेल्यावर त्यांना आधी बसवा.