गोळ्यावरची नावं

वैजयंती पडली ती माझ्यामुळे. आमच्या वाशीमकडच्या मालेगावात मैदानावर ती पोलीस भरतीसाठी गोळाफेकीचा सराव करत होती आणि मी, शेजारचा निवृत्त शेषराव मास्तर, कौतुकानं तिचा व्हिडीओ काढत होतो. चेहरा दिसेना म्हणून ऐन फेकीच्या वेळी हाक मारली, "वैजू, इकडे पाह्य." ती वळली, गोळा हातभर अंतरावर पडला आणि पोरगी चिखलात बसली. तेवढ्यावर थांबलो असतो तर मास्तर कसला? हसणारी चार तोंडं लावून मी ते स्टेटसला ठेवलं.

संध्याकाळपर्यंत कुणीतरी त्याला बँडबाजा जोडून इन्स्टावर चढवलं. मानोऱ्याच्या कुण्या गोलूनं लिहिलं, 'हे पोलीस झाली त चोरच इले उचलून ठाण्यात नेतीन.' त्याखाली हसणाऱ्यांची रांग. वैजयंती आठ दिवस भिंतीकडे तोंड करून त्याच कमेंटा वाचत पडली. मैदान बंद. तिची आई, अंजनावहिनी, म्हणाली, "भाकर खात नाही मास्तर, मोबाईलच खाऊन राह्यली." वाशीमची मैदानी चाचणी आठवड्यावर आली होती.

नवव्या दिवशी ती माझ्या दारात उभी. हातात वही, वहीत सव्वाशे हसणाऱ्यांची नावं.

"काका, खडू घ्या आन चाला."

मैदानावर तिनं गोळ्यावर खडूनं लिहिलं, 'गोलू'. दात आवळून फेकला.

"आना उचलून." आणला.

"पुसा." पुसला.

मग पुढचं नाव. रोज पंचवीस नावं, चार किलोचा गोळा आणि माझी त्रेसष्ट वर्षांची कंबर. कण्हलो की म्हणायची, "हसा ना काका, स्टेटसले ठेवू." फेकलेल्या नावावर वहीत फुली, आणि त्याची कमेंट पुन्हा वाचायची नाही, हा तिचा कायदा. तिसऱ्या दिवशी ती दोन भाकरी जेवली. मोबाईल कोठीवर धूळ खाऊ लागला.

पण चाचणीत पूर्ण गुण मिळतील त्या अंतरावर मी आखलेली रेघ गोळा काही ओलांडेना. वीतभर अलीकडेच पडायचा. चाचणीच्या आदल्या सकाळी वहीतली नावं संपलेली होती. तिनं माझ्याकडे बघत गोळ्यावर सावकाश लिहिलं, 'काका'.

गोळा रेघेपलीकडे दोन हात जाऊन रुतला.

"वैजू," मी कंबर धरून विचारलं, "आता तरी माफ केलं ना मले?"

"गोळा आना काका, तुमच्या नावाच्या आजच्या पंचवीसातल्या अजून चोवीस फेकी बाकी हायेत."