लाल दाण्याची पोती

नक्कल मी कोणाचीबी करतो. सरपंचाचा खोकला, बसच्या कंडक्टरची शिट्टी, मायचं नाक मुरडणं. त्यासाठी मार बी खाल्ला. पण ट्रॉली अडवली त्या दिवशी पहिल्यांदा मायनं मले थांबवलं नाही.

बेल्याजवळ आमचं गाव. बोअरच्या पाण्यात आर्सेनिक निघालं, म्हणून पाणी साफ कराचा प्लांट बसला. त्यात गंजलेल्या लोखंडावानी लाल दाणे असतात, ते पाण्यातलं जहर धरून ठेवतात. आमी खुश. दाणे जहरानं भरले की ठेकेदाराचा माणूस पोत्यानं आणून गावाच्या कचऱ्याच्या खड्ड्यात ओतून देई. खड्ड्याच्या खालच्या अंगाला आमची विहीर, अन् तिच्यावर मायची वांग्याची वाडी.

आमचा शहाणपणा तर पाहा! उन्हाळ्यात त्याच खड्ड्यातलं खत आमी बंडीनं वाडीत नेत होतो. काळ्या खतात लाल दाणे दिसले तर माय म्हणे, "मुरूम हाय, पाणी चांगलं मुरते."

ताई उटनूरच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. दिवाळीले आली अन् वाफ्यातले दाणे पाहून तिचा चेहराच उतरला.

"सडत्या कचऱ्यात हवा राहत नाही. तिथं या दाण्यायची पकड सुटते. धरलेलं सारं पाण्यासंगं खाली जाते."

"खाली म्हणजे कुठं?"

"आपल्या विहिरीत, गाढवा."

मायनं त्याच दिवशी वांगे तोडणं बंद केलं. बाजारातून निरोप आले, काऊन येत नाही म्हणून. माय म्हणे, "तपासणी होऊ दे. तोवर माह्या वाडीतलं कोणाच्या पोटात नाही जाणार."

विहिरीचं पाणी तपासाले धाडलं. त्याच हप्त्यात प्लांटवरून दाण्यायच्या पोत्यायची ट्रॉली आली. माय विळा घेऊन चाकापुढं बसली. मागून सुपरवायझर फटफटीवर आला.

"माताजी, ये माल लॅब में पास है. पानी में हिलाके देखा, कुछ नहीं निकला."

"साहेब," मी म्हटलं, "लॅबमधलं पाणी साफ होतं. आमच्या खड्ड्यात शेण हाय, सडका भाजीपाला हाय, मेलेली कोंबडी हाय. त्यात हिलवून पाह्यलं का?"

अन् मग मले राहवलं नाही. काखेत घमेलं धरलं, जसं त्यानं हेल्मेट धरलं होतं. पोट पुढं काढलं अन् त्याच्याच आवाजात म्हटलं, "मुर्गी भी पास है, माताजी!"

सारे हसले. ड्रायव्हरनं तर हसता हसता इंजिनच बंद केलं.

"जोकर है क्या तू?"

"हाव जी. तुमी बी हसून घ्या. पण ट्रॉली पुढं नाही जाणार."

"फिर कहाँ डालूँ?"

"तुमच्या प्लांटच्या पडवीत," माय बसल्या जागेवरून बोलली. "वर पत्रा हाय, खाली सिमेंट हाय. तिथं सडत नाही अन् वाहत बी नाही."

ट्रॉली वापस गेली. आता पोती पडवीतच ठेवतात. सुपरवायझर मले पाहिलं की तोंड फिरवते. मी त्याची बी नक्कल करतो.

रिपोट आजून आला नाही. वांगे झाडावरच पिवळे पडून राह्यले. अन् खड्ड्यात आधीच ओतलेले दाणे? परवा पंचायतीत ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "वो अब मिट्टी में मिल गया, छोड़ो."

माय उठून उभी राह्यली. "मंग माती बी उचला."