वाकडी रोवणी

भंडाऱ्याकडच्या लाखांदूरच्या स्टँडवर एसटी सुटायच्या बेतात होती आणि माझी माय खिडकीतून माझ्या मांडीवर एक गाठोडं कोंबत होती. चौऱ्याहत्तर साल. लग्नाला महिनाही झाला नव्हता. नवरा पाटबंधारे खात्यात चौकीदार, पार परभणीकडच्या एका कालव्यावर. मला वाटलं, गाठोड्यात लाडू असतील. हात घातला तर धान, तेही बियाण्याचं. "शिजवू नोको, पेरजो," माय म्हणाली. ज्वारीच्या मुलखात धान पेरायचं, आणि ते मी! रडता रडता मला हसू फुटलं.

गावी राहिलेल्या बायांनो, तुम्हाला माझी रोवणी आठवत असेलच. हसा, पोटभर हसा. धानाची रोवणी मागं सरत करायची. वाकायचं, चिखलात रोपं खोचायची, एक पाऊल मागं, पुन्हा खोचायची. माझी ओळ दर दहा पावलांवर कलायची. मग शेजारच्या ओळीतून माय हात लांब करायची, माझी रोपं उपटून सरळ लावायची आणि बांधीतल्या साऱ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणायची, "इची रोवणी म्हंजे कोंबडीनं उकरल्यावानी!" गाठोड्यासोबत ती कोंबडीही माझ्याबरोबर परभणीला आली.

तिथं माझी भाकरी तव्यावर जायच्या आधीच तुटायची. 'मले-तुले' केलं की पाणवठ्यावरच्या बाया पदर तोंडाला लावायच्या. क्वार्टरशेजारच्या कुंताबाई मनानं चांगल्या, पण जीभ तिखट. एकदा माझ्या भाकरीचे तुकडे बघून म्हणाल्या, "आईनं काही शिकवलं का नाही गं तुला?" ते फार लागलं. आईनं एकच गोष्ट शिकवली होती, आणि ती मला धड आली नव्हती.

कालव्याच्या पाझरानं कुंताबाईंचं अर्धा एकर वावर चिबड झालं होतं. ज्वारी पेरली की कुजायची, म्हशी मात्र मजेत लोळायच्या. ते साचलेलं पाणी बघून त्यांचा जीव जळायचा आणि माझा हरखायचा. एक दिवस तोंडातून निघूनच गेलं, "काकू, इथं मी धान लावू?"

"लाव की बाई. नाहीतरी म्हशीच बसतात तिथं."

घरात आले आणि गाठोडं पुढ्यात घेऊन बसले. भाकरी येत नाही, बोलणं यांच्यासारखं येत नाही. आता रोवणीही फसली तर मला येतं तरी काय? त्या गावात माझं तेवढंच उरलं होतं.

एका कोपऱ्यात बी टाकलं. पऱ्हे झकास उगवले, कोवळी रोपं वीतभर झाली, तरी उपटायची हिंमत होईना. मायला पत्र धाडलं. रोप किती दिवसांचं घेऊ? किती खोल लावू? दोन रोपांत किती बोटं ठेवू? उत्तराची वाट बघता बघता रोपं हातभर वाढली, पाती पिवळी पडायला लागली. शेवटी भावाच्या अक्षरात पोस्टकार्ड आलं. "माय म्हणते, तुले सारं मालूम हाय, मंग कायले पुसून राहिलीस?"

एवढंच! असा संताप आला म्हणून सांगू. त्या संतापातच पदर खोचला आणि चिखलात उतरले.

नवरा बांधावरून रोपांच्या पेंड्या फेकत होता. गंमत बघायला बाया जमल्या. कुंताबाईंना राहवेना, आणखी दोघींना घेऊन त्या आत शिरल्या. आणि ज्वारी खुरपावी तशा तिघी सरळ पुढं निघाल्या की! मी लावलेलं सगळं पायाखाली.

"मांगं सरा वो! मांगं! तोंड इकडं करा!"

माझ्या आवाजानं मीच दचकले. पण कोणी पदर तोंडाला लावला नाही. तिघी मुकाट मागं सरल्या. थोड्या वेळानं मी हात लांब करून कुंताबाईंची रोपं उपटली आणि नीट लावून दाखवली. कोंबडी अगदी ओठांवर आली होती. गिळली.

ओळी वाकड्याच झाल्या. उशिरा लावलं म्हणून धानही थोडं कमीच झालं. पण दिवाळीनंतर जिथं म्हशी लोळायच्या तिथं लोंब्या वाकल्या होत्या, आणि कुंताबाई येईल-जाईल त्याला हात धरून दाखवत होत्या, "आमच्या भंडाऱ्याच्या बाईनं केलं हे." पुढं कालव्याकाठच्या साऱ्या चिबड वावरांत धान आलं, आणि प्रत्येक रोवणीला बोलावणं मला. मी सातवी नापास, तरी शेतकी खात्याचे साहेब मोटारसायकल थांबवून मला विचारायचे. माझ्यासारख्या भिलाईला, नागपूरला, कुठं कुठं गेलेल्यांनो, मला या गोष्टीचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. आपल्याला येत नाही असं वाटतं ना, ते अर्धं खोटं असतं.

चौऱ्याऐंशीत माय पहिल्यांदा माझ्याकडं आली, नेमकी रोवणीच्या दिवसांत. दहा वर्षं मी बायांना शिकवत होते, तरी तिला वावरात नेताना मी दोन पावलं मागंच चालत होते. ती बांधावर उभी राहिली. बारा बाया एका ओळीत मागं सरत होत्या. बोलत होत्या त्यांच्या परभणीकडच्या भाषेत, पण कोणी चुकली की ओरडायच्या, "मांगं सरा वो!" मायनं लुगडं खोचलं आणि माझ्या शेजारी उतरली.

दोघी मागं सरत राहिलो. माझं सारं लक्ष तिच्या हाताकडं. अर्ध्या वावरात माझी ओळ कलली. मी पाहिलं, तिनंही पाहिलं. तिचा हात लांब झाला, माझ्या पेंडीतली मूठभर रोपं घेतली आणि आपल्या ओळीत परत गेला.

माझं एकही रोप तिनं उपटलं नाही. बांधापाशी पोचल्यावर कंबर सरळ करत, साऱ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बरं हाय तुह्यं गाव."

आता कोणी गाव विचारलं, की मी बेधडक दोन सांगते.