पाहुण्यांसाठी मळवलेली मुलं

सत्कारात माझी ओळख करून देताना कुणी ‘बाईंनी जन्मभर मुलांची बाजू मांडली’ असं म्हणालं, की माझी मान खाली जाते. लोकांना तो विनय वाटतो. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालेलं असतं.

सत्तरच्या दशकात पिंगळी स्टेशनाजवळच्या एका गावात, बौद्ध वस्तीत, आमच्या संस्थेची बालवाडी चालायची. संस्था म्हणजे मी, हाताखाली दोन शिक्षिका आणि काही जुन्या सतरंज्या. दिवाळी झाली की वस्तीतली बरीच घरं ऊसतोडीला जात आणि लेकरांनाही फडावर नेत. म्हातारी माणसं मागे असायची, पण नातवंडांना काय खाऊ घालणार? बालवाडीत दुपारचं जेवण मिळालं तर मुलं गावात राहणार होती. त्यासाठी मी पुण्याच्या एका बड्या संस्थेकडे खेटे घालत होते. शेवटी तिथले पाहुणे पाहणीला यायचं ठरलं.

त्या सकाळी मी वस्तीत पोचले आणि कपाळाला हात लावला. मुलं न्हाऊन, डोक्याला चप्प तेल लावून, धुतलेले कपडे घालून ओळीत बसलेली. बायांनी तर वंदनेला नेसायची पांढरी लुगडी काढली होती. आता पाहुणे म्हणणार, यांना काय कमी आहे?

“अहो, हे काय करून ठेवलंत?” मी ओरडले. माझा आवाज पहिल्यापासून चढाच.

एका मुलीची आई पुढे आली. वस्तीत शब्द टाकून बालवाडीला विहाराची खोली तिनेच मिळवून दिली होती.

“पाव्हणे यायलेत ना बाई? म्हणून पहाटंच पाणी तापवून समदी लेकरं धुतली. काय चुकलं का?”

“रोजचे कपडे घाला त्यांना. तेल पुसा. गरिबी दिसायला नको?”

“गरिबी हाय, ती हायच. पण मळकी लेकरं न्हाई बसवत आमी पाव्हण्यापुढं.”

धर्म बदलल्यापासून अंगावर फाटकं असलं तरी चालेल, मळकं घालून चारचौघांत जायचं नाही, हे त्या वस्तीत ठरून गेलेलं होतं. हे मला ठाऊक होतं, भाषणातून मी त्याचं कौतुकही करत असे. पण मी सेलूच्या कापूस-अडत्याची मुलगी, स्वच्छ कपड्यांसाठी मला कधी कुणाशी भांडावं लागलं नव्हतं.

“मग घेऊन जा त्यांना फडात!” मी म्हणाले.

खाली बसून तिने मुलीच्या झग्याची बटणं सोडली. पोरगी झगा धरून रडायला लागली, तेव्हा तिने तिची बोटं हळूच सोडवली. मग बाकीच्या बायाही उठल्या आणि लेकरांना रोजचे मळके कपडे घातले. एका पोराचा भांग तर मी माझ्या हाताने विस्कटला.

पाहुणे जीपमधून आले. त्यांनी ‘अरेरे’ केलं, फोटो काढले आणि जेवण जागच्या जागी मंजूर केलं. त्या वर्षी मुलं गावात राहिली, पोटभर जेवली, हे खरं. त्याच आधारावर मी पुष्कळ वर्षं स्वतःची समजूत घालत आले. पण स्वच्छ मुलं बघून ते पाहुणे नाही म्हणालेच असते का, हे मी पडताळून पाहिलंच नाही. वस्तीपेक्षा माझाच त्या मुलांवर विश्वास कमी होता, याची आजही शरम वाटते.

जीप गेली. मी खुशीत होते, शिक्षिकांशी हसत बोलत होते. ती बाई मुलीला कडेवर घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता.

“झालं का बाई तुमचं? आता धुऊ का लेकरांला?”

आणि मी ‘हो, धुवा’ म्हणून तिला परवानगी दिली.