पातं थांबेपर्यंत

आमच्या घरी खड्डामाग होता, खड्ड्यात पाय सोडून विणायचा, आणि नवऱ्याचा सगळा जीव त्या खड्ड्यात. कोशाच्या रेशमी साड्यांची मागणी आटली, तेव्हा ते शहापूरच्या आरामशीनवर लाकूड कापायच्या कामाला लागले. मागणी येईपर्यंतच, असं त्यांनी मला बजावलं होतं. मी मान हलवली. माझा विश्वास नव्हता, पण त्यांचा होता.

तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं त्यांना नीट शिकवलं. गळ्यात दुपट्टा नको. लाकडात खिळा आहे का, आधी पाहायचं. पात्याच्या समोर उभं राहायचं नाही, लाकूड उलटं उसळतं. शेवटचा तुकडा हातानं नाही, काठीनं पुढे सारायचा. आणि बटन दाबलं तरी पातं पूर्ण थांबेपर्यंत जवळ जायचं नाही. हे सगळं ते घरी येऊन मला असं सांगत, जणू उद्यापासून मीच सागवान कापणार होते. पण त्यांची फळी सरळ निघे. मिस्त्री त्यांचं कौतुक करी, आणि मला उगाच बरं वाटे.

मागावर मात्र वेगळी रीत असते. धागा तुटला की पाय थांबतात, पाय थांबले की माग थांबतो आणि त्याच क्षणी हात धाग्याकडे जातो. अंगठा आणि पहिलं बोट मिळून गाठ मारतात. ते लहानपणापासून हेच करत आले होते.

एके दुपारी पात्याशी लाकडाची चिपटी अडकली. त्यांनी बटन बंद केलं आणि हात आत गेला. पातं अजून फिरत होतं.

दवाखान्यात ते एकच वाक्य म्हणत राहिले, "मशीन तं बंद केली होती मी." उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट गेलं होतं. मला रडू येण्याआधी राग आला. मशीनचा, मिस्त्रीचा, साड्या न नेसणाऱ्या साऱ्या बायकांचा.

पुढच्या हिवाळ्यात जुना व्यापारी दारात उभा राहिला. मागणी आली होती, आणि त्याला ह्यांच्याच हातचं काम हवं होतं. ह्यांनी उजवा हात शालीत घेतला आणि सांगितलं, आता मागात मन लागत नाही, आरामशीनवर बरं चाललं आहे. व्यापारी चिडला. विणकरांनाच धाग्याची कदर राहिली नाही, असं बरंच बोलला. हे हो-हो म्हणत राहिले. माझ्या तोंडाशी आलं होतं, पण त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा ठेवायला आत गेले.

तो गेल्यावर मी भांडलेच. एवढं ऐकून कशाला घेतलं, खरं काय ते सांगायचं होतं.

त्यांनी शाल काढून मागावर ठेवली.

"हात पायला असता तं कीव येऊन काम देल्लं असतं त्यानं," ते म्हणाले. "मंग विणलं असतं कायनं मी?"