गुंड कोणी विकला

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी माझ्या मोठ्या आईचं नाव घेतो. मोठी आई म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची, आमच्या मोठेबाबांची, बायको. लाखांदूरकडच्या आमच्या गावात ती अंगणवाडीत मदतनीस होती. तिनं मला स्वतःच्या घरी ठेवून शिकवलं. घराण्यातला पहिला पदवीधर मी. पदवी घेतानाचा माझा फोटो तिच्या बैठकीत आहे आणि पाहुण्याला चहाच्या आधी तो पाहावा लागतो.

नोकरी लागल्यावरच्या पहिल्या मे महिन्यात मी शनिवार-रविवार गावी आलो. कूलरची मोटर जळली होती. नवी घेऊन देतो म्हटलं, तर ती म्हणाली, "नवी बी जळतेच. मंग जुनी काय वाईट?" म्हणून रविवारी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं भंडाऱ्याच्या जुन्या सामानाच्या बाजारात गेलो.

मोटर राहिली बाजूला. पंख्यांच्या ढिगामागे एक पितळेचा गुंड, म्हणजे पाण्याची घागर, दिसला आणि त्याच्या गळ्याशी मोठ्या आईचं नाव कोरलेलं होतं. लग्नकार्यात भांडी मिसळतात, म्हणून आमच्याकडे नाव कोरूनच घेतात; आंदणाच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतं.

"हा तं मी बहिणीले आंदणात देल्ला होता," ती म्हणाली. मग दुकानदाराला, "माहं नाव हाय यावर. हा माहा गुंड हाय."

"नाव तं एसटीच्या सीटवर बी लिवलेलं रायते, माय. म्हणून का एसटी आपली होते?"

शेवटी तिनं तो विकत घेतला आणि शेजारच्या टरबूजवाल्याला साक्षीला धरून जाहीर केलं, "ज्यानं हा विकला, त्याच्या घरात मी पाय ठेवणार नाही."

या दोघी बहिणींचा कित्येक वर्षांचा अबोला होता. मागच्या हिवाळ्यात मी दोन्हीकडे हातापाया पडून तो मिटवला होता. तो आता पुन्हा सुरू होणार, हे दिसत होतं. पण "आधी तिले विचारतो" म्हणत ती काळीपिवळी जीपमध्ये बसलीसुद्धा. मोहाडीत बहिणीच्या घरापर्यंत टॉवेलात गुंडाळलेला गुंड माझ्या मांडीवर होता.

बहिणीनं, म्हणजे माझ्या मावशीनं, फ्रीजची बाटली पुढे केली.

"मले गुंडातलं पाणी पाहिजे," मोठी आई म्हणाली.

"एवढ्या उन्हात गुंडातलं कोण पिते वं बाई? माठातलं देऊ?"

"गुंडातलंच दे. मी देल्ला तो कुठी हाय?"

"तू पाणी प्याले आली का पंचनामा कराले?"

मोठ्या आईनं मला खूण केली. मी टॉवेल सोडला. तिनं बाजारातली शपथ पुन्हा, आणखी मोठ्या आवाजात, म्हणून दाखवली. मावशी आत गेली आणि लाखोळीच्या डाळीनं भरलेला दुसरा गुंड ओढत घेऊन आली. त्यावरही तेच नाव.

"तवा तू दोन बनवले होते. माहा हा. तुहा कुठी हाय, सांग."

मोठ्या आईनं टॉवेल उचलून त्याची घडी घातली. मग हळूच म्हणाली, "ते तोटीवालं स्टीलचं पिंप नाही का घेतलं... तवा भांडेवालीले माहा गुंड मोडीत देल्ला होता."

"म्हणजे तूच विकला," मावशी म्हणाली. "आता विकणाऱ्याच्या घरात पाय कशी ठेवशीन? राहा इथंच."

मला वाटलं, हसून सोडून देतील. पण मोठी आई दिलेल्या शब्दाला पक्की. ती खरंच राहिली. गुंड घेऊन मी एकटा परतलो आणि रात्रीच्या गाडीनं नोकरीवर गेलो. फोन केला की मावशीच उचलायची, "बाई लोणचं घालून राहिली" म्हणायची आणि मागून दोघींचं हसणं ऐकू यायचं. शेवटी मी पत्र पाठवलं:

"आदरणीय मोठी आई, सप्रेम जयभीम.

मोठेबाबा रोज पिठलं करतात. ते चांगलं होतं, असं त्यांचं एकट्याचं मत आहे. मी पुष्कळ विचार केला. तुझी शपथ विकणाऱ्याच्या घराबद्दल होती. गुंड तू विकलास, पण घर मोठेबाबांच्या नावावर आहे. तेव्हा तू त्यांच्या घरी यायला काहीच हरकत नाही. तू मला शिकवलंस, त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

मावशी सोडत नसेल तर तिलाही घेऊन ये. इतक्या वर्षांचं बोलणं मोहाडीत आठवड्याभरात संपणार नाही. आपल्याकडे अंगण मोठं आहे, दोन खाटा सहज मावतात."